बेकारी भत्ता आणि ग्रॅच्युइटी: तारखेला उभे राहण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कारखाना बंद पडला किंवा एक पाळी कमी झाली की कामगाराला दोन दारे ठोठावावी लागतात. पहिले ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) शाखा कार्यालयाचे, बेकारी भत्त्यासाठी. दुसरे मालकाचे, ग्रॅच्युइटीसाठी. मालकाने दाद दिली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याचे. अर्ज नाकारला गेला की सुनावणी आली. अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग शेडमधून किंवा चिंचोळी एमआयडीसीतून आलेला कामगार या सुनावणीला बहुधा आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि मालकावरचा राग एवढेच घेऊन येतो. रागाला निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदावर पडतो तो) पडत नाही. म्हणून तयारी नेमकी कशाची करायची ते आपल्या पत्रातून मांडावे म्हणतो.

कितीही तारखा पडल्या तरी शेवटी प्रश्न चारच असतात. नोकरी कधी लागली, दिवस किती भरले, पगार किती होता आणि नोकरी सुटली कशी. पहिल्या तिन्हींची उत्तरे सरकारी दप्तरात कुठे ना कुठे सापडतात. चौथ्याचे उत्तर मात्र कामगार स्वतःच्या सहीने बिघडवून बसलेला असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

"हिशेब तयार आहे, इथे सही कर आणि घेऊन जा" असे सांगून पुढे केलेल्या कागदावर पुष्कळदा छापील मजकूर असतो: मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे. ग्रॅच्युइटीपुरते पाहिले तर या कागदाने फारसे बिघडत नाही. पाच वर्षे सलग सेवा झाली असेल तर राजीनामा देणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी मिळते. पण हाच कागद ईएसआयच्या खिडकीवर गेला की खेळ संपतो. हा भत्ता ज्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून मिळतो तिच्यात स्वतःहून नोकरी सोडणारा, स्वेच्छानिवृत्ती घेणारा, वय झाल्यामुळे निवृत्त झालेला किंवा गैरवर्तनाच्या कारवाईत काढलेला माणूस भत्त्याला पात्र ठरत नाही. म्हणजे एका ठिकाणी निरुपद्रवी असलेला राजीनामा दुसऱ्या ठिकाणी अर्ज बुडवतो. दोन्ही अर्ज करणाऱ्याने दोन्हीकडे एकच हकिगत सांगावी. ग्रॅच्युइटीच्या अर्जात "राजीनामा दिला" आणि भत्त्याच्या अर्जात "काढून टाकले" असे लिहिले की दोन्ही कागद एका टेबलावर आल्यावर कुणाचाच विश्वास उरत नाही.

सही होऊन गेली असेल तर ती नाकारू नये. सही आपलीच आहे हे उलटतपासणीत दोन मिनिटांत सिद्ध होते आणि मग खरे बोललेलेही खोटे वाटू लागते. त्यापेक्षा त्याच आठवड्यात मालकाला पत्र पाठवावे: अमुक तारखेला, अमुक माणसाने, हिशेबाचे पैसे मिळणार नाहीत असे सांगून या मजकुरावर सही घेतली, मी काम सोडलेले नाही, कामावर घ्यावे. एकाच दिवशी, एकाच मजकुराचे, एकाच हस्ताक्षरात भरलेले दहा-बारा जणांचे राजीनामे निघाले तर ते एकत्र दाखल करावेत. दहा घरांत एकाच दिवशी सारखीच घरगुती अडचण कशी आली, हा प्रश्न मग आपोआप पडतो. हिशेबाच्या व्हाउचरवर सही करावीच लागली तर सहीशेजारी "रक्कम मिळाली एवढ्यापुरती सही, बाकी हक्क राखून" असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि मोबाइलवर फोटो काढावा.

दुसरा सापळा याच्या उलट असतो. तोंडी "उद्यापासून येऊ नको" म्हणायचे आणि आठ दिवसांनी घरच्या पत्त्यावर पत्र पाठवायचे की तुम्ही विनापरवाना गैरहजर आहात, ताबडतोब हजर व्हा. पत्त्यावर जुनी भाड्याची खोली असते, पाकीट परत जाते. अशी दोन-तीन परत आलेली पाकिटे पुढे "कामगार स्वतःच काम सोडून गेला" याचा पुरावा म्हणून दाखल होतात. पत्र हाती पडले तर त्याच दिवशी साक्षीदार घेऊन गेटवर जावे. आत घेतले नाही तर संध्याकाळच्या आत लेखी उत्तर पाठवावे: किती वाजता गेलो, गेटवर कोण होते, काय म्हणाले. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे पोस्टाच्या खिडकीवर डिलिव्हरीचा पुरावा वेगळा मागून घ्यावा. स्थळप्रत (आपल्याकडे ठेवलेली पत्राची प्रत), पावती आणि डिलिव्हरीचा पुरावा तिन्ही एकत्र टाचून ठेवावेत. पत्ता बदलला असेल तर तो मालकाला लेखी कळवलेला असावा. एवढी एक ओळ नसल्याने नंतर फार मोठी किंमत मोजावी लागते.

आता दप्तराकडे वळू. कामगाराचा सर्वात उपयोगी साक्षीदार ईएसआयच्या संगणकात बसलेला असतो आणि त्याला बोलवायला एक पैसाही लागत नाही. विमा क्रमांक टाकून पोर्टलवर हप्त्यांचा इतिहास उघडला की प्रत्येक महिन्यापुढे मालकाने स्वतः भरलेले दिवस आणि स्वतः भरलेला पगार दिसतो. ज्या महिन्यात दिवस शून्य, तिथे कारण निवडावे लागते: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कामगार कपात, काम नाही. शेवटच्या महिन्यापुढे "नोकरी सोडली" निवडले आहे की "कामगार कपात", यावर पुढचे बरेच काही ठरते, आणि ते निवडणारा माणूस मालकाचा हिशेबनीस असतो. "काम नाही" हे कारण मालकाने स्वतः टाकले असेल तर त्या पानाची छापील प्रत सोन्याच्या मोलाची समजावी. पंचाईत अशी की पुष्कळांच्या विमा क्रमांकाला जोडलेला मोबाइल नंबर त्या हिशेबनिसाचा किंवा मुकादमाचा असतो आणि ओटीपी तिकडे जातो. शाखा कार्यालयात आधार दाखवून नंबर बदलून घेणे हे पहिल्या दिवसाचे काम आहे, तारखेच्या आदल्या दिवसाचे नव्हे.

भविष्य निर्वाह निधीचे (पीएफ) पासबुकही तसेच. यूएएनवरून (पीएफचा कायम क्रमांक) रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि महिनावार जमा मिळते. पैसे काढण्याची घाई असते हे मान्य, पण काढण्याआधी पूर्ण पासबुक आणि सेवेचा तपशील छापून घ्यावा. शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी सभासदाला सोडल्याची तारीख स्वतः नोंदवता येते. ती भरताना ओटीपी घेऊन फॉर्म भरून देणारा मुलगा सांगेल ते कारण टाकू नये. तीही आपलीच कबुली ठरते.

भत्त्याच्या पात्रतेचा हिशेब नीट समजून घ्यावा. ही योजना १ जुलै २०१८ पासून आहे. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के भत्ता होता, २४ मार्च २०२० पासून तो ५० टक्के झाला आणि नव्वद दिवस थांबण्याऐवजी बेकारीचे ३० दिवस झाल्यावर थेट शाखा कार्यालयात अर्ज करता येऊ लागला. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस. योजनेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली जाते, तेव्हा आपली बेकारी चालू मुदतीत बसते का हे खिडकीवर विचारावे. विमेदार म्हणून किमान दोन वर्षे नोकरी हवी. नोकरी सुटण्याच्या लगतच्या हप्ता कालावधीत किमान ७८ दिवसांचे हप्ते हवेत आणि त्याआधीच्या दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात तरी ७८ दिवस हवेत. हप्ता कालावधी म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. चूक इथेच होते. ऑगस्टमध्ये काम सुटलेला माणूस मागचे सहा महिने मोजतो, फेब्रुवारी ते जुलै. मोजायचे असतात मागच्या ऑक्टोबर ते मार्चचे दिवस.

रकमेचा हिशेबही सरळ आहे. चार हप्ता कालावधींतली एकूण कमाई भागिले ७३०, त्याचे निम्मे. महिना १५,६०० रुपये पगार दोन वर्षे अखंड भरला गेला असेल तर ३,७४,४०० भागिले ७३० म्हणजे रोजचे सुमारे ५१३ रुपये, निम्मे २५६, आणि नव्वद दिवसांचे साधारण २३ हजार. भाजक ७३०च राहतो. म्हणून मालकाने चार महिने नाव गाळले असेल तर भत्ता तेवढा घटतो. पगारातून पाऊण टक्का कापला पण भरला नाही, असे पगार चिठ्ठीवरून दिसत असेल तर त्याची लेखी तक्रार भत्त्याच्या अर्जासोबतच द्यावी. मालकाने हप्ता थकवला म्हणून कामगाराचा लाभ बुडू नये अशी तरतूद कायद्यात आहे. ईएसआय महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

कारखाना कायमचा बंद झाला असेल किंवा कायदेशीर कामगार कपात झाली असेल तर आधी ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचे विचारावे. तिथे भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो, पहिल्या १२ महिन्यांत ५० टक्के आणि पुढच्या १२ महिन्यांत २५ टक्के. वरच्या तीन महिन्यांच्या योजनेचा अर्ज भरून मोकळे होण्याआधी ही चौकशी झाली पाहिजे. बंदची नोटीस, कपातीचे पत्र, कामगार कार्यालयाला मालकाने दिलेल्या सूचनेची प्रत यांतले जे हाती लागेल ते जोडावे.

अर्ज फेटाळला तर "नाही म्हणाले" एवढ्यावर परतू नये. कारण लेखी मागावे, मागणीच्या अर्जावर आवक क्रमांक घ्यावा. दिवस कमी पडले, कारण "नोकरी सोडली" दिसते, आधार व विमा नोंदीतले नाव जुळत नाही. बहुतेक नकार या तिन्हींपैकी एक असतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. सोलापुरात नावाचा घोळ विशेष. तेलुगू भाषक कुटुंबांत आडनाव आधी की नाव आधी, आद्याक्षर की पूर्ण नाव, यावरून एकाच बाईची तीन दप्तरांत तीन नावे असतात. ती सुनावणीच्या टेबलावर जुळवत बसण्यापेक्षा आधीच एक शपथपत्र करावे. वरिष्ठ कार्यालयाकडे निवेदन देऊनही निकाल लागला नाही तर कर्मचारी विमा न्यायालयात जाता येते आणि त्याची मुदत दावा उद्भवल्यापासून तीन वर्षे आहे. मुदत लांब आहे म्हणून थांबू नये. तोवर मालकाने कुलूप लावलेले असते आणि हजेरीपुस्तके रद्दीत गेलेली असतात.

ग्रॅच्युइटीच्या सुनावणीत भांडण दिवसांवर असते. बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर ते वर्ष सलग सेवेचे. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या आस्थापनेत १९०. हे दिवस सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी कामगारावर आहे आणि नुसते स्वतःचे शपथपत्र त्याला पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. २००५ च्या निकालात पुढची वाटही दिसते: कामगाराने साक्षीला उभे राहावे आणि मालकाकडचे हजेरीपत्रक, पगारपत्रक मागावे. मागणी मोघम नसावी. "सर्व रेकॉर्ड हजर करा" या अर्जाला कुणी विचारत नाही. "१ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२५ या काळातील हजेरीपत्रक, पगारपत्रक, ईएसआय व पीएफचे मासिक विवरण" असे लिहावे. मालक म्हणतो हजर करू शकत नाही; मग ईएसआयच्या पोर्टलची छापील प्रत दाखल करून प्रतिकूल निष्कर्ष (दडवलेले कागद मालकाच्या विरुद्धच आहेत असे धरणे) काढण्याची विनंती करावी. मागणीच केली नसेल तर ही विनंती करता येत नाही.

पगारी साप्ताहिक सुट्टी आणि पगारी सणाची सुट्टी २४० मध्ये धरली जाते. कामगार कपातीच्या कायद्यासंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ मध्येच सांगितले आहे. मासिक पगारावरच्या जॉबरला (माग चालू ठेवणारा कारागीर) याचा फायदा होतो. नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराला सुट्टीचे पैसेच मिळत नाहीत, म्हणून त्याने प्रत्यक्ष दिवसच मोजावेत. पगारी रजा, ले-ऑफचे दिवस, कामावरच्या अपघातामुळे घरी बसावे लागलेले दिवस आणि प्रसूती रजा हेही धरावेत. कांडी भरणाऱ्या बायका प्रसूतीचे वर्ष आपणहून सोडून देतात, आणि तेच वर्ष कधीकधी पाचवे असते.

हिशेब: शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. १३,००० रुपये आणि १७ वर्षे ८ महिने असतील तर ५०० गुणिले १५, म्हणजे ७,५००. गुणिले १८, म्हणजे १,३५,०००. तीसने भागलेला हिशेब मालकाकडून आला तर तो तिथेच दुरुस्त करून घ्यावा. नगावरच्या मजुरीत शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची रोजची सरासरी काढतात, ओव्हरटाइम वगळून, आणि तिला थेट १५ ने गुणतात. पुन्हा २६ ने भागायचे नसते. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला हंगामामागे सात दिवसांचे वेतन मिळते आणि सलग सेवेसाठी हंगामात कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के हजेरी लागते. कमाल मर्यादा २९ मार्च २०१८ पासून २० लाख रुपये आहे, तिचा आपल्याकडच्या कामगाराशी क्वचितच संबंध येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यामुळे त्या तारखेनंतर काम सुटलेल्यांनी पगार चिठ्ठी नव्याने वाचावी. मूळ वेतन ६,००० आणि बाकी घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते ९,००० अशी फोड असेल तर भत्त्यांपैकी एकूण १५,००० च्या निम्म्याहून जास्त असलेले १,५०० वेतनात मिळवावे लागतात. ग्रॅच्युइटी मग ६,००० वर नव्हे, ७,५०० वर. वीस वर्षांच्या सेवेत हा फरक सतरा हजारांच्या वर जातो. मुदतीच्या करारावर घेतलेल्याला पाच वर्षांची अटही राहिलेली नाही, एका वर्षानंतर प्रमाणात रक्कम मिळते. अर्जाच्या नमुन्यांचे जुने क्रमांक (मालकाला नमुना 'आय', प्राधिकाऱ्याला नमुना 'एन') अजून सर्वांच्या तोंडी आहेत. सध्या कोणता चालतो ते विचारून भरावा. जुन्या नियमांत पहिल्याची मुदत ३० दिवस आणि दुसऱ्याची ९० दिवस होती. उशीर झाला तर सोबत विलंब माफीचा अर्ज आणि खरे कारण द्यावे.

यंत्रमागात एक अडचण नेहमीची. एका शेडात भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावाने तीन फर्म आणि प्रत्येकीत आठ-नऊ माणसे, म्हणजे दहा माणसांची मर्यादा गाठत नाही, म्हणून कायदा लागू नाही असा बचाव. याला उत्तर तोंडी देता येत नाही. वीजमीटर एकच का, गेट एक का, जॉबर एकच सगळे माग पाहतो का, सूत कुणाच्या नावावर येते आणि तयार टॉवेल-चादर कुणाच्या बिलावर बाहेर जाते, एकाच विणकराचे नाव तिन्ही हजेरीपत्रकांत फिरते का, हे दाखवावे लागते. कायदा एकदा लागू झाला की पुढे माणसे दहाच्या खाली आली तरी तो लागू राहतो, म्हणून जुन्या वर्षांची माणसे मोजणेही फायद्याचे. अर्जात विरुद्ध पक्ष म्हणून फर्मचे नाव, मालकाचे पूर्ण नाव आणि भागीदार असतील तर सर्वांची नावे घालावीत. फलकावरचे नाव, पीएफचे नाव आणि बँकेत पगार पाठवणाऱ्याचे नाव वेगळे असते. चुकीच्या नावावर मिळालेला आदेश वसूल होत नाही.

आणि उचल, म्हणजे मालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. "याच्याकडे साठ हजार बाकी आहे, ग्रॅच्युइटी त्यात वळती केली" हा बचाव आपल्याकडे इतका सर्रास केला जातो की कामगारालाही तो रास्त वाटतो. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणे कायद्याने मोजकी ठेवली आहेत: जाणूनबुजून केलेले नुकसान, तेही नुकसानीपुरतेच, दंगा-मारहाण, नोकरी करताना केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा. आणि त्या कारणासाठी कामावरून काढलेले असावे लागते. उचल या यादीत नाही. उचल घेतली असेल तर ती कबूल करावी, हिशेब मागावा आणि ग्रॅच्युइटीशी तिचा संबंध नाही एवढेच सांगावे.

तारखेच्या फाइलमध्ये सर्वात वर तारखांचा एक कागद असावा: रुजू, कायम, बदली, शेवटचा दिवस, पत्रे. त्याखाली क्रमाने कागद, प्रत्येकाच्या तीन प्रती: एक प्राधिकाऱ्याला, एक समोरच्याला, एक आपल्याला. रोख मजुरी घेणाऱ्याने स्वतःची नोंदवही, विडी कामगार महिलेने विडी कामगार ओळखपत्र आणि रोजच्या विड्या लिहिलेले पुस्तक मूळ स्वरूपात आणावे. वहीची नवी, स्वच्छ नक्कल करून आणू नये. तंबाखूचे डाग असलेली जुनी वही जास्त विश्वासाची वाटते आणि नक्कल केली की पहिला प्रश्न मूळ कुठे आहे हाच येतो. व्हॉट्सअॅपवरचे संदेश दाखवायचे तर स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र द्यावे आणि तो फोन विकू नये.

सरतपासणीचे (आपल्या बाजूच्या साक्षीचे) शपथपत्र मराठीत टाइप होते. सही करणारी बाई घरी तेलुगू किंवा कन्नड बोलते, मराठी ऐकून कळते पण वाचता येत नाही. उलटतपासणीत "परिच्छेद सहामध्ये काय लिहिले आहे" असे विचारले की ती गप्प होते. म्हणून शपथपत्र तिच्या भाषेत वाचून दाखवावे, चुका सुधाराव्यात आणि "वाचून दाखवले, समजले" असा शेरा वाचणाऱ्याच्या सहीसह घालावा. शपथपत्र लहान असावे. तीन पानांत चार प्रश्नांची उत्तरे बसतात. बाकीची पाने समोरच्या वकिलाला कामाला येतात.

उलटतपासणीत विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. "माहीत नाही" आणि "आठवत नाही" यांत फरक आहे, तो सांभाळावा. सध्या काय काम करता, हा प्रश्न येतोच. भाजीची गाडी लावली असेल, दुसऱ्या शेडात चार दिवस गेला असाल तर तसे सांगावे. ग्रॅच्युइटीला त्याने बाधा येत नाही. भत्त्याच्या बाबतीत मात्र नवी नोकरी लागल्याच्या दिवसापासून भत्ता थांबतो. ती लपवून घेतलेला भत्ता परत करावा लागतो आणि खोटे निवेदन हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

तारखेला बोर्डावर आपला क्रमांक पाहून पुकाऱ्याच्या वेळी दारातच असावे. चहाला गेलेल्या माणसाचा अर्ज गैरहजेरीत निकाली निघाल्याचे नवल नाही. तसे झाले तर सबळ कारण दाखवून ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते, असे ग्रॅच्युइटीचे नियम सांगत आले आहेत. आजारी असाल तर त्याच दिवशी कुणाच्या तरी हाती अर्ज आणि डॉक्टरची चिठ्ठी पाठवावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. औद्योगिक कामगार आणि महिला यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

आदेश मिळाला की प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागावी. अपिलाची मुदत ६० दिवस, कारण पटले तर आणखी ६०. मालकाला अपिलासाठी आदेशाची रक्कम आधी भरावी लागते, कामगाराला लागत नाही. उशिरा दिलेल्या ग्रॅच्युइटीवर व्याज वेगळे; जुन्या अधिसूचनेप्रमाणे ते सरळ दहा टक्के. अर्जात व्याज मागायचे राहून जाते, ते राहू देऊ नये. पैसे आलेच नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्या दाखल्यासोबत मालकाचा एमआयडीसी प्लॉट क्रमांक, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, बँकेची शाखा जोडली तर तहसील कार्यालयाला हात घालायला काही मिळते. नुसता दाखला वर्षानुवर्षे कपाटात राहतो.

शेवटी प्रशासनाला दोन सूचना. ईएसआयच्या संगणकात मालकाने "नोकरी सोडली" हे कारण भरले की त्याच दिवशी कामगाराच्या मोबाइलवर संदेश जावा आणि हरकत घेण्यासाठी पंधरा दिवस मिळावेत. आणि सोलापुरातील शाखा कार्यालयात व कामगार न्यायालयाच्या आवारात कोणते कागद आणायचे याचा फलक मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत लावावा. त्याला निधी लागत नाही, एक रंगारी पुरेसा आहे.

कळावे,
आपला,
कामगार कायद्याचे काम पाहणारा एक वाचक,
सोलापूर